सुखाचा सावकार : कोकेन

दाढ काढायची म्हटली की भल्याभल्यांचा चेहरा उतरतो. पण दंतवैद्य हिरडीत सुई टोचतात, पाचएक मिनिटांत ओठ जड होतो आणि दाढ केव्हा निघाली याचा पत्ताही लागत नाही. हे इंजेक्शन बहुधा लिडोकेनचे असते. त्याच्या नावातले ‘केन’ हे शेपूट कोकेनवरून आले आहे. पोलिसांच्या छाप्याच्या बातमीत ज्या पांढऱ्या पुडीचे नाव आपण वाचतो, तीच शरीराचा एखादा भाग बधिर करणाऱ्या औषधांची पूर्वज आहे! मग वेदना हरणारे हे औषध माणसाचा घात कसा करू लागले?

व्हिएन्नातील शोकांतिका

दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात राहणारे लोक कोका नावाच्या झुडपाची पाने हजारो वर्षांपासून चघळत आले आहेत. पानात कोकेनचा अंश अगदी अल्प. १८६० च्या सुमारास अल्बर्ट नीमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तो शुद्ध रूपात वेगळा काढला.

पुढे मनोविश्लेषणाचे जनक म्हणून गाजलेले सिग्मंड फ्रॉइड १८८४ साली व्हिएन्नात अठ्ठावीस वर्षांचे गरीब डॉक्टर होते. पैशांवाचून त्यांचे लग्न खोळंबले होते. त्यांनी कोकेन स्वतः घेऊन पाहिले, हुशारी वाटली आणि त्याची स्तुती करणारा निबंध लिहिला. त्याच वर्षी त्यांचे सहकारी कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो हे सिद्ध केले. डोळ्याची शस्त्रक्रिया सुसह्य झाली.

पण फ्रॉइड यांचे स्नेही डॉ. फ्लाइश्ल यांच्या नशिबी वेगळेच होते. अंगठ्याच्या जुन्या जखमेच्या वेदनांपायी त्यांना मॉर्फिनचे व्यसन जडले होते. ते कोकेनने सुटेल, या सद्‌हेतूने फ्रॉइड यांनी ते सुचवले. सुटणे दूरच, ते दोहोंच्या आहारी गेले. अंगावर साप सरपटल्याचे भास त्यांना होऊ लागले. १८९१ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी ते वारले. न्यूयॉर्कचे नामांकित शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेडही कोकेनचे प्रयोग स्वतःवर करता करता व्यसनात सापडले.

मेंदूत घडते काय?

मज्जातंतूंतून वेदनेची वर्दी पुढे जायची तर त्यांत सोडियमचे कण शिरावे लागतात. कोकेन ती दारेच बंद करते. म्हणून हिरडी वा डोळा बधिर होतो.

मेंदूत मात्र त्याची करणी निराळी. भुकेल्या पोटी घास मिळाला, परीक्षेत यश आले की मेंदूच्या पेशी डोपामिन नावाचे द्रव्य सोडतात. काम झाले की त्या ते परत ओढून घेतात. कोकेन हा परतीचा रस्ता अडवते. डोपामिन साचत जाते आणि काही न मिळवताच सर्व काही मिळाल्याचा आनंद होतो. नाकाने ओढलेल्या पुडीची ही धुंदी जेमतेम अर्धा तास टिकते. मग उदासी येते आणि पुन्हा पुडीची ओढ लागते. वारंवार असे झाले की मेंदू डोपामिन टिपण्याची आपली क्षमताच कमी करतो. मग मुलांचे हसणे, आवडते गाणे, घरचे जेवण सारेच फिके वाटू लागते. सुखाचे कर्ज देणारा हा सावकार व्याजात घरातली साधी सुखेही उचलून नेतो. सारासार विचार करणारा मेंदूचा पुढचा भागही दुबळा होतो. ‘मनाचा निग्रह कर’ हा उपदेश म्हणूनच अपुरा पडतो.

हृदयावरचा घाला त्याहून भयंकर. नाडी व रक्तदाब वाढतो आणि त्याच वेळी हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आकसतात. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, कोकेन घेतल्यानंतरच्या पहिल्या तासात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका चोवीस पटींनी वाढलेला आढळला. सोबत मद्य असेल तर यकृतात कोकाइथिलीन हे आणखी एक विषारी द्रव्य तयार होते.

आपल्या दारात

हे खूळ केवळ परदेशचे, असे मानू नका. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई-कलकत्त्यात विड्याच्या पानातून कोकेन खाल्ले जाई. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार ते बाळगणे गुन्हा आहे.

‘आमचा मुलगा शिकलेला आहे, तो असल्या फंदात पडणार नाही,’ असे आपण म्हणतो. फ्लाइश्ल आणि हॉल्स्टेड तर स्वतःच डॉक्टर होते! हे व्यसन हमखास सोडवणारी गोळी अद्याप निघालेली नाही. मात्र नियमित समुपदेशनाने अनेकजण सावरतात. म्हणून घरात शंका आली तर अब्रूच्या भीतीने झाकपाक करू नये. मधुमेहासाठी जसे डॉक्टरांकडे जातो, तसेच जावे. आणि अशा तरुणाच्या छातीत कळ आली तर क्षणाचाही विलंब न लावता त्याला रुग्णालयात न्यावे व डॉक्टरांना सारे खरे सांगावे. कारण नेहमीच्या झटक्यात देतात ती काही औषधे कोकेन घेतलेल्याला अपाय करू शकतात. तेथे संकोचाने लपवलेला एक शब्द जिवावर बेतू शकतो.