आच्छादित कॅनू
आच्छादित कॅनू : खळाळत्या नदीप्रवाहात वापरण्यात येणारी, वरून बंद असलेली एक किंवा दोन नाविकांची होडी. कायाकमध्ये पाय पुढे पसरून बसतात व दुपाती वल्हे वापरतात; कॅनूत गुडघे टेकून एकपाती वल्हे मारतात. म्हणून कायाकचे कॅनूत रूपांतर करताना मुख्यतः अंतर्भाग बदलावा लागतो. बैठक व पायांचे आधार काढून फोमचे खोगीर, गुडघ्यांखाली गाद्या आणि मांड्यांवरून पट्टे बसवितात. खोगीर उंच केल्यास घोट्यांवरील ताण कमी होतो. परंतु गुरुत्वमध्य वर जाऊन स्थैर्य घटते. होडी उलटल्यावर पट्टे तत्काळ सुटणे अत्यावश्यक असते. अन्यथा नाविक आत अडकून बुडण्याचा धोका संभवतो. अशा एकेरी कॅनूंची पुरुषांची स्लालम शर्यत १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकमध्ये, तर स्त्रियांची २०२१ मध्ये झालेल्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये प्रथम समाविष्ट झाली.