बोर इथलं, बोरूव्का तिथली

थंडी पडली की चकलांब्याच्या शिवारात बांधावरच्या बोरी लाल-पिवळ्या दिसायला लागतात. बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातलं हे गाव. पाऊस बेताचाच. पण बोरीला त्याचं काय? तिची मुळं खोलवर जातात, उन्हाळ्यात ती पानं झाडून टाकते, पावसाळा सरता सरता फुलते आणि हिवाळ्यात फळते. काटे टोचून घेत खिसे भरणाऱ्यांना बोरीविषयी आणखी मी काय सांगणार! माझ्याकडे गंमत आहे ती नुसत्या नावाची.

तिकडे युरोपात झेक नावाची भाषा बोलतात. त्यांच्या जंगलात बुटक्या झुडपांवर वाटाण्याएवढी निळी-काळी फळं लागतात. खाल्ली की जीभ जांभळी! या फळाला ते म्हणतात ‘बोरूव्का’.

बोर आणि बोरूव्का! आली ना शंका? आपल्याकडचं बोर कुणी खिशात घालून तिकडे नेलं की काय?

अजिबात नाही. दोन शब्दांचे चेहरे सारखे दिसले म्हणून ते भाऊबंद ठरत नाहीत. त्यांचे पणजोबा कोण, ते आधी शोधायचं. आपल्या बोराचा पणजोबा संस्कृतातला ‘बदर’. बद्रीनाथ या नावातही तोच लपलाय. ‘बदर’चं ‘बोर’ कसं झालं म्हणता? बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्र नावाचे मोठे पंडित होऊन गेले. त्यांनी प्राकृत भाषेच्या व्याकरणात ‘बदर’चं ‘बोर’ होतं हे चक्क नियम करून लिहून ठेवलंय. त्याच नियमात ‘पूगफल’ म्हणजे सुपारीही आहे. तिचं झालं ‘पोप्फल’, आणि कोकणात आज तिला पोफळ म्हणतात.

बोरूव्काचं घराणंच वेगळं. झेक, पोलिश, रशियन, सर्बियन या सगळ्या स्लाव्ह भाषा. झेकमध्ये ‘बोर’ म्हणजे पाईनच्या झाडांचं जंगल. त्या जंगलात सापडते ती बोरूव्का. झालं!

आता आपल्या शेजाऱ्यांकडे डोकावू. गुजरातीत बोर, हिंदी आणि पंजाबीत बेर. बंगालीत कुल किंवा बरोई. तेलुगूत मात्र एकदम रेगु, तमिळमध्ये इलंदै. तेलुगू आणि तमिळ वेगळ्या कुळातल्या, म्हणून त्यांची नावंही निराळी. कन्नड भाषाही त्यांच्याच कुळातली, पण तिने ‘एलचि’ ठेवलं आणि ‘बोरे’ही घेतलं. शेजार म्हटला की असं चालायचंच.

स्लाव्ह भाषांमध्ये याच्या उलट झालं. तिथे शब्द एकच, पण फळ बदललं! रशियन माणसाला कुठलंही लहान रसाळ फळ म्हणजे ‘यागोदा’. सर्बियात यागोदा म्हणजे फक्त स्ट्रॉबेरी. झेक माणूस तिलाच ‘याहोदा’ म्हणतो. पोलंडमध्ये यागोदा मागितली तर बहुतेक ठिकाणी ती निळी-काळी फळंच हातात पडतील. पण त्याच देशातल्या क्राकूव्ह शहराकडे गेलात तर त्या फळाला बोरूव्का म्हणतात. म्हणजे बाजारात जाताना नुसतं नाव पाठ करून भागायचं नाही, फळाकडे बोटही दाखवायला हवं.

वनस्पतिशास्त्रज्ञांची तऱ्हा आणखी न्यारी. त्यांच्या व्याख्येप्रमाणे टोमॅटो, वांगं, द्राक्ष, मिरची, अगदी केळंसुद्धा ‘बेरी’! आणि बोर? ते नाही. त्यात आंब्यासारखी कठीण आठळी असते, म्हणून ते आंब्याच्या पंगतीला. नावात बेरी असूनही स्ट्रॉबेरी त्यांच्या बेरीत बसत नाही. मला विचाराल तर आपला ‘रानमेवा’ हा शब्द या सगळ्यांपेक्षा छान. करवंद, जांभूळ, बोर, सगळे त्यात मावतात आणि कुणाचा रुसवा नाही.

पण थांबा, मराठी आणि स्लाव्ह भाषांचं खरं नातंही आहे बरं का. रशियनमध्ये दोनला ‘द्वा’ आणि तीनला ‘त्री’ म्हणतात. संस्कृतातले द्वि आणि त्रि आठवले ना? फार फार पूर्वी या भाषांची पूर्वज एकच भाषा होती. आता झेक लोकांच्या त्याच बोरूव्काला रशियन लोक ‘चेर्निका’ म्हणतात. ‘चोर्नी’ म्हणजे काळा, म्हणून काळी ती चेर्निका. आणि हा ‘चोर्नी’ कुणाचा भाऊ निघाला माहितेय? आपल्या ‘कृष्ण’ शब्दाचा! ऐकायला अजिबात सारखे नाहीत, पण पणजोबा एकच. बोर आणि बोरूव्का जुळ्यांसारखे दिसूनही परके, चेर्निका आणि कृष्ण वेगळे दिसूनही सख्खे.

आता एक काम तुमचं. तुमच्या शिवारात गोड मोठी बोरं, बारकी आंबट चण्यामण्या बोरं, आणखी कितीतरी प्रकार असतील. आजी-आजोबांना, गुराख्यांना त्यांची नावं विचारा आणि वहीत लिहा. मामाच्या गावी गेलात की तिथलीही विचारा. एकाच फळाला दोन गावांत दोन नावं सापडली, तर दोन्ही गावांची नावं शेजारी लिहायला विसरू नका.