गाडी घेताय का घर?

सोमवार ते शुक्रवार ऑफिस, शनिवारी लोणार... एकाच व्हॅनमध्ये दोन्ही जमवायचं, तर खरेदीआधी काय बघायचं?

‘‘तू गाडी घेऊन राहिली का घर?’’ मेहकरहून बाबांचा फोनवर थेट सवाल. त्यांचंही बरोबरच. मी त्यांना सांगितलं होतं की मला अशी व्हॅन हवीय, जिच्यात झोपता येईल, चहा करता येईल आणि सोमवारी तीच घेऊन ऑफिसलाही जाता येईल.

नोकरी पुण्यात आणि घर बुलढाणा जिल्ह्यात, अशा मंडळींना दिवाळीतल्या खासगी बसच्या तिकिटाबद्दल वेगळं सांगायला नको! त्यात लोणार, सिंदखेडराजा, शेगाव सगळं आपल्याच अंगणात, पण निवांत बघायचं कायम राहूनच जातं. म्हणून हा व्हॅनचा किडा.

पण लाखोंचा मामला म्हटल्यावर आधी ट्रायल. दोघी मैत्रिणींना पटवलं, ड्रायव्हरकाकांसकट एक ट्रॅव्हलर भाड्यानं घेतली आणि जालना, सिंदखेडराजा करत लोणार गाठलं. सोबत फक्त मोजमापाची टेप आणि वही.

मोठी म्हणजे किती मोठी?

आपल्याकडे कॅम्परसाठी पहिलं नाव निघतं ते फोर्सच्या ट्रॅव्हलरचं. १९८७पासून रस्त्यावर असलेली आपली लाडकी ‘टेम्पो ट्रॅव्हलर’. ३०५०, ३३५०, ३७००, ४०२० हे तिच्या मॉडेलचे आकडे म्हणजे मिलिमीटरमधला व्हीलबेस. आकडा वाढला की आत ओटा, बेड, कपाट सगळं ऐसपैस बसतं, पण यू-टर्न घेताना घाम फुटतो. शिवाय तालुक्याच्या गावातही तिचा मेकॅनिक सापडतो, हा मोठा प्लस पॉइंट.

तिची मॉडर्न बहीण म्हणजे अर्बेनिया. चालवायला जास्त कारसारखी, दिसायला एकदम सही! पण सगळ्यात लांब मॉडेल सात मीटरचं आहे. ऑफिसच्या पार्किंगमध्ये ती दोन गाड्यांची जागा खाणार आणि सिक्युरिटीवाले काका तुम्हाला खाणार.

टाटाची विंगर २००७मध्ये आली. तिचा फंडा वेगळा. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते, त्यामुळे खालून मागच्या चाकांपर्यंत जाणारा शाफ्ट नाही आणि फ्लोअर खाली राहतो. चढायला सोपं. गुडघे दुखणारी आई सोबत असेल तर हा मुद्दा बेडच्या लांबीपेक्षा महत्त्वाचा. व्हीलबेस दोन, ३२०० आणि ३४८८.

आणि हे सगळं झेपत नसेल तर ईको. जेमतेम पावणेचार मीटर लांब, कुठेही मावते. पण उभं राहणं विसरा आणि उंच मंडळींनी पाय दुमडून झोपायची तयारी ठेवा.

उन्हाचं गणित

लोणारला दुपारी गाडी उन्हात उभी राहिली आणि आमचा अर्धा रोमान्स तिथंच वितळला. पत्र्याचा डबा तो! छताला आणि बाजूंना इन्सुलेशन, वर हवा बाहेर फेकणारा पंखा आणि खिडक्यांना पडदे, एवढं आपल्या विदर्भात मस्टच.

‘एसी लावू ना रात्रभर’ म्हणणाऱ्यांसाठी साधा हिशेब. १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १२०० वॅट-अवर. २० वॅटचा पंखा आठ तास चालला तर १६०. लॅपटॉप ६० वॅटचा, चार तास, म्हणजे २४०. इथपर्यंत मजेत. पण एक किलोवॅट खेचणारा एसी याच बॅटरीवर फार तर तासभर टिकेल. तेव्हा सावली शोधा, बॉस!

दुसरं दार

सिंदखेडराजा जवळ आलं तसे ड्रायव्हरकाका गप्प झाले. १ जुलै २०२३च्या पहाटे याच भागात, समृद्धी महामार्गावर, नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ जणांचा जीव गेला. बस दाराच्याच बाजूवर पडली होती. काका एवढंच म्हणाले, ‘‘ताई, बेड कुठंही लावा, पण मागचं दार बुजवू नका.’’

आमच्या वहीतल्या ड्रॉइंगमध्ये बेड नेमका मागच्या दाराला चिकटलेला होता. ते पान तिथंच फाडलं. बाहेर पडायला दोन वाटा हव्यात आणि दोन्ही आतून उघडायला हव्यात. आग विझवायचं सिलिंडर हाताशी हवं. गॅस हवेपेक्षा जड, गळला की खाली साचतो. त्यामुळे शेगडी शक्यतो बाहेर मांडा. चालत्या गाडीत बसायचं ते कंपनीच्या सीटवर, बेल्ट लावून. बेडवर नाही.

कागदाशिवाय मजा नाही

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की गाडीत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत. खासगी वापराची ‘कॅम्पर व्हॅन’ हा वाहनांचा स्वतंत्र वर्ग आहे. म्हणून सुताराला बोलवायच्या आधी आरटीओत जा आणि काम झाल्यावर आरसीवर नोंद करून घ्या. विमा कंपनीलाही कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी रडायची पाळी येईल. जुनी टुरिस्ट गाडी स्वस्तात मिळत असेल तर पिवळ्या पाटीची पांढरी करण्याचा खर्च आणि हेलपाटे किमतीत धरा. लायसन्सचं मात्र टेन्शन नाही. साडेसात हजार किलोपर्यंत साधं एलएमव्ही चालतं.

राज्याचं कारवाँ पर्यटन धोरण २०२१मध्ये आलं, पण म्हणून गाडी कुठेही उभी करू नका. लोणारचं विवर अभयारण्य आहे, २०२०पासून रामसर यादीतही आहे. काठावर चूल पेटवणं साफ चूक. मुक्काम परवानगी असलेल्या आवारातच.

बुकिंगआधी एवढं कराच

* घर आणि ऑफिसच्या पार्किंगची उंची टेपनं मोजा.
* महिन्यात किती दिवस गाडीत झोपणार ते खरं खरं लिहा.
* मागच्या सीटवर बसून खड्ड्यांतून ट्रायल घ्या.
* पाणी, बॅटरी, फर्निचर यांचं वजन जोडा. ६० लिटर पाणी म्हणजे ६० किलो!
* सामान नटबोल्टचं ठेवा, सोमवारी काढता येईल असं.

परतल्यावर सोसायटीच्या बेसमेंटची पाटी पहिल्यांदाच नीट वाचली. उंची २.१ मीटर. ट्रॅव्हलर शनिवारी जिंकली, सोमवारी हरली. आता मन विंगरच्या छोट्या व्हीलबेसवर आलंय, पण बुकिंग नाही केलेलं. आधी शेजारच्या मोकळ्या आवारात पार्किंगचं नक्की होऊ दे.

बाबांना प्लॅन सांगितला. त्यांनी एकच विचारलं, ‘‘अन् आमाले कुठं बसवशीन?’’

मधली सीट तशीच ठेवतेय. पहिली ट्रिप शेगाव!