थैलीचे मोल आणि आतला ऐवज

जुन्नरहून पश्चिमेस घाटघरमार्गे निघालेला रस्ता सह्याद्रीच्या कड्यापाशी संपतो आणि तेथून नाणेघाटाची दगडी वाट खाली कोकणात उतरते. घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. सातवाहनकाळी या वाटेने जाणाऱ्या मालावरील जकात त्यात जमा होत असे, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. जवळच्याच लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील लेख असून यज्ञप्रसंगी दान दिलेल्या गाई, हत्ती आणि कार्षापण नाण्यांचे आकडे त्यात कोरलेले आहेत. पैठण ही राजधानी, जुन्नर ही घाटमाथ्यावरील पेठ आणि कल्याण-सोपारा ही बंदरे, अशी ती व्यापाराची साखळी होती.

दख्खनमधून परदेशी जाणाऱ्या मालात चैनीच्या वस्तूंना मोठे स्थान होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत पैठण व तेर येथून गाड्या भरून भडोच बंदराकडे जाणाऱ्या अकीकाचा आणि मलमलीचा उल्लेख येतो. त्याच शतकात रोमन लेखक प्लिनी याने तक्रार नोंदवली, की हिंदुस्थान दरवर्षी किमान ५ कोटी सेस्टर्स रोमकडून ओढून नेतो आणि तेथील माल रोममध्ये मूळ किमतीच्या शंभरपट दराने विकला जातो. चैनीची वस्तू उगमापाशी स्वस्त आणि मुक्कामी महाग, हे गणित म्हणजे दोन हजार वर्षांची जुनी गोष्ट आहे.

आज मात्र प्रवाहाची दिशा उलटली आहे. चैनीची वस्तू पॅरिस आणि मिलानहून निघते व मुंबई-पुण्याच्या मॉलमार्गे जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगावच्या घरांत पोहोचते. लग्नाच्या खरेदीच्या यादीत शालू आणि दागिने यांच्या शेजारी नामांकित कंपनीची हँडबॅग येऊन बसली आहे. पूर्वी व्यापाऱ्याच्या कमरेला कसा असे, घरातील स्त्रीच्या कनवटीला बटवा असे, आणि त्यांचे मोल आतल्या ऐवजावरून ठरत असे. आता थैली हाच ऐवज झाला आहे. म्हणूनच, खरे ऐश्वर्य कशाला म्हणावे, हा प्रश्न व्यापारी कुटुंबांनी आपल्याच पद्धतीने, म्हणजे हिशेब मांडून, सोडवला पाहिजे.

किमतीत नेमके काय असते?

व्यापाऱ्याला तीन गोष्टींतील भेद शिकवावा लागत नाही: वस्तूचा पडता खर्च, तिची विक्री किंमत आणि तिचे खरे मोल. हँडबॅगच्या बाबतीत हे तिन्ही एकमेकांपासून किती दूर गेले आहेत, याचे एक उदाहरण न्यायालयाच्या कागदांवर आले आहे. जून २०२४ मध्ये मिलानच्या न्यायालयाने दिओर या फ्रेंच नाममुद्रेसाठी इटलीत पिशव्या बनवून घेणाऱ्या कंपनीवर देखरेखीसाठी प्रशासक नेमला. उपकंत्राटदारांच्या कारखान्यांत कामगारांची पिळवणूक होत असताना कंपनीने पुरेसे लक्ष ठेवले नाही, असा ठपका होता. त्या कागदपत्रांनुसार सुमारे २,६०० युरोला विकल्या जाणाऱ्या एका पिशवीच्या शिलाईसाठी, कच्चा माल वगळून, उपकंत्राटदारास ५३ युरो दिले जात होते. कंपनीने सुधारणा केल्यावर २०२५ मध्ये ही देखरेख उठवण्यात आली. परंतु आकडा बोलका आहे. शिवणाऱ्याला मिळालेली रक्कम आणि ग्राहकाने मोजलेली रक्कम यांत जवळजवळ एकास एकोणपन्नास असे अंतर होते.

हे अंतर मालाच्या दुर्मीळतेने भरून निघत असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. तेही खरे नाही. पॅरिसमध्ये १८५४ साली पेट्या बनवण्याचे दुकान काढणाऱ्या लुई व्हितॉं यांच्या पेढीची सर्वाधिक ओळखली जाणारी नक्षी १८९६ सालची आहे. नकला रोखणे हा ती काढण्यामागील एक प्रमुख हेतू होता. ती नक्षी ज्यावर छापतात, ते वरून लेप दिलेले जाड सुती कापड असते. प्राडा या इटालियन घराण्याचे नाव जगभर झाले, त्यात नायलॉनच्या पिशव्यांचा वाटा मोठा आहे. ग्राहक ज्यासाठी लाखो रुपये मोजतो, तो भाग मालाचा थोडा, कारागिरीचा काहीसा आणि नावाचा पुष्कळ असतो.

नावाला किंमत नसावी, असे कोणताही व्यापारी म्हणणार नाही. पेढीचे नाव ही पिढ्यांची कमाई असते. पण नाव हे विक्रेत्याची पत आहे. ते हातात धरल्याने घेणाऱ्याची पत वाढत नाही, हा भेद मात्र विसरता कामा नये.

सर्वांत महाग पिशवीची कथा

या संदर्भात जगातील सर्वांत महाग हँडबॅगची कथा लक्षात ठेवण्याजोगी आहे. जेन बर्किन या अभिनेत्री-गायिकेची एर्मेस या फ्रेंच घराण्याच्या प्रमुखांशी विमानप्रवासात गाठ पडली. तान्ह्या मुलीच्या आईला लागणारे सगळे सामान मावेल अशी पिशवी मिळत नाही, अशी तिची साधी अडचण होती. त्यातून १९८४ साली तिच्या नावाची पिशवी जन्मली. पहिली पिशवी तिने सुमारे नऊ वर्षे रोज वापरली, तिच्यावर चिकटचित्रे लावली, नखे कापण्याची कात्री पट्ट्याला अडकवली आणि १९९४ साली एड्सग्रस्तांच्या मदतीसाठी ती लिलावात देऊन टाकली. जुलै २०२५ मध्ये हीच ओरखडे पडलेली, डागाळलेली काळी पिशवी पॅरिसमध्ये ८६ लाख युरोंना, म्हणजे सुमारे ८६ कोटी रुपयांना विकली गेली.

लाखो रुपये देऊन तशी नवी पिशवी घेणारे लोक ती कपाटात कापडात गुंडाळून ठेवतात. मूळ पिशवीचे मोल मात्र गरज, रोजचा वापर आणि दान या तीन गोष्टींतून आले होते. आणखी एक तपशील अहिंसेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. २०१५ मध्ये मगरींच्या कत्तलीतील क्रौर्य उघडकीस आल्यावर बर्किन यांनी मगरीच्या कातड्याच्या पिशवीवरून आपले नाव काढावे, अशी जाहीर मागणी केली. कंपनीने चौकशी करून कारवाईचे आश्वासन दिल्यानंतरच त्यांचे समाधान झाले.

हिरड्याचे झाड आणि पिशवीचा उगम

चैनीच्या या व्यापाराचा उगम वाटतो तितका दूर नाही. भीमाशंकर, आहुपे, घाटघर या पट्ट्यातील जंगलात हिरड्याची झाडे आहेत. आंबेगाव व जुन्नरच्या पश्चिम भागातील महादेव कोळी कुटुंबांची उन्हाळ्यातील रोख मिळकत मुख्यतः बाळहिरड्यावर अवलंबून असते. झाडावर चढून कोवळी फळे काढायची, वाळवायची आणि पावसाआधी विकायची, असा हा कष्टाचा क्रम आहे. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने या झाडांचे आणि मालाचे मोठे नुकसान केले, आणि भरपाईसाठी या कुटुंबांना आंदोलन करावे लागले.

हिरडा औषधात जातो, तसाच तो कातडे कमावण्यासही वापरला जातो. ब्रिटिश काळात मुंबईतून त्याची निर्यात विलायतेच्या चर्मोद्योगासाठी होत असे. परंतु हाच हिरडा सुती कापडावर नैसर्गिक रंग पक्का बसावा म्हणूनही लागतो. एकाच फळाला दोन वाटा आहेत: एक कातड्याकडे जाते, दुसरी कापसाकडे. कोणती वाट वाढावी, हे शेवटी घेणारा ठरवतो.

उगमाचा मान राखण्याचा प्रश्न २०२५ साली सर्व महाराष्ट्राने अनुभवला. जूनमध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या. कोल्हापूरचे नावही घेतले नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने लेखी आक्षेप घेतल्यावर कंपनीने भारतीय प्रेरणा मान्य केली आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. जैन घरांत चामड्याची चपल वर्ज्य असली, तरी त्यातील व्यापारी बोध सर्वांसाठी आहे. कारागिराचे नाव पुसून मिळवलेली किंमत ही चोख कमाई नव्हे.

अहिंसेचा निकष सोपा नाही

चामडे टाळले म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. बाजारात ‘व्हीगन लेदर’ म्हणून जे मिळते, ते बहुधा पॉलियुरेथेन किंवा पीव्हीसी असते. काही वर्षांत त्याचे पापुद्रे निघतात आणि ते कचऱ्यात शतकानुशतके राहते. पैठणीच्या काठाची पर्स देखणी आणि आपल्या मातीतील असते, पण रेशमाच्या धाग्यासाठी कोशातील जीव जातो. त्यामुळे अनेक जैन घरांत रेशीमही वर्ज्य आहे. कापूस, ताग आणि कॅनव्हास यांची पिशवी दिसायला साधी, पण या निकषावर ती सर्वांत स्वच्छ उतरते. अर्थात पिशवी कापसाची आहे एवढ्यावर थांबून चालत नाही. तिच्या शिलाईची मजुरी योग्य दिली गेली का, हेही विचारावे लागते.

नकली नाममुद्रेची पिशवी ही तर त्याहून मोठी अडचण. काट्यात तोळ्याचा फरक चालवून न घेणाऱ्या घरातील माणूस ‘फर्स्ट कॉपी’ची पर्स हसत घेऊन येतो. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोटी मापे आहेत आणि ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे अस्सलाच्या जागी नकली माल खपवणे, हाही आहे. विकणारा दोषी असेल, तर जाणूनबुजून घेणारा त्याला बळ देतो, हे सांगायला वेगळे शास्त्र लागत नाही.

घराचा ताळेबंद

आता घरगुती हिशेब पाहू. समजा, एखाद्या कुटुंबाने दीड लाख रुपयांची पर्स घेतली. ती वर्षातून सहा समारंभांत वापरली आणि पाच वर्षांत तिची हौस संपली, तर तीस वापरांत प्रत्येक वापर ५,००० रुपयांना पडला. बाराशे रुपयांची भक्कम सुती पिशवी वर्षातून तीनशे दिवस, तीन वर्षे वापरली, तर प्रत्येक वापर दीड रुपयाहूनही कमी पडतो. पहिली खरेदी क्रेडिट कार्डावर करून थकबाकी ठेवली, तर अनेक कार्डांवर दरमहा तीन ते साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास व्याज चढते. दुकानात इतका नफा कोणत्या मालावर सुटतो, हे प्रत्येक व्यापाऱ्याने स्वतःला विचारावे. शिवाय १० लाख रुपयांहून अधिक किमतीच्या हँडबॅगवर एप्रिल २०२५ पासून विक्रेत्याने १ टक्का प्राप्तिकर विक्रीच्या वेळीच गोळा करावा, असा नियम आहे. म्हणजे अशी खरेदी घरात कपाटात राहिली, तरी सरकारच्या वहीत नोंदली जाते.

याचा अर्थ हौस करू नये, असा नाही. मुलीने, सुनेने सुंदर वस्तू बाळगावी, यात घराचा आनंद आहे. मात्र सून घरात आली, तेव्हा तिच्या हातातील पर्सच्या नावावरून माहेरची ऐपत मोजली जाऊ लागली, तर तो आनंद राहत नाही. एका बापाच्या डोक्यावरचे कर्ज तेवढे उरते. परिग्रह-परिमाण व्रतात वस्तूंची संख्या ठरवून घेतात, ती दारिद्र्यासाठी नव्हे. मोजक्या वस्तू असल्या म्हणजे त्या चांगल्या घेता येतात, जपता येतात आणि दुरुस्त करून पुढच्या पिढीला देता येतात. घेण्यापूर्वी चार प्रश्न पुरेत: ही कशाची केली आहे, कोणाच्या हातची आहे, फाटली तर शिवता येईल का, आणि हिचे बिल आजोबांच्या पुढ्यात ठेवता येईल का? चारही उत्तरे मोकळेपणाने देता आली, तर ती वस्तू चारशे रुपयांची असो वा चाळीस हजारांची, तिला चैन म्हणायला हरकत नाही.

जुन्नरच्या डोंगरांतील लेण्यांत शिलालेख आहेत. त्यांपैकी एकात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. दुसऱ्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेव ठेवून तिचे मासिक उत्पन्न धर्मकार्यास लावल्याचे दिसते. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या गावातील कारागीर-संघांची पत आजच्या बँकेइतकी होती. त्या धान्य व्यापाऱ्यांच्या बायका-मुली कोणती वस्त्रे नेसत, कोणत्या थैल्या बाळगत, याची नोंद कोठेही नाही. नाणेघाटाने उतरलेला उंची माल झिजून, फाटून केव्हाच संपला. त्यांनी वाटसरू आणि भिक्षूंसाठी कातळात खोदवलेल्या टाक्याची नोंद मात्र अजून वाचता येते.