गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता

चिरनेर म्हटलं की 1930 चा जंगल सत्याग्रह आठवतो. हल्ली मात्र या गावाकडे येताना आधी भेटतात ते कंटेनर वाहणारे ट्रेलर. 1989 मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झालं आणि उरण तालुक्यातल्या मुलांना नोकरीची एक नवी वाट मिळाली. गावातला असाच एक बी.कॉम. झालेला तरुण कस्टम ब्रोकरकडे काम करतो. तो आयात मालाची बिल ऑफ एन्ट्री (कस्टम्सकडे दाखल करायचं विवरणपत्र) कशी भरतो, ते मी त्याच्या शेजारी बसून पाहिलं.

तिच्यात मालाची डॉलरमधली किंमत रुपयांत मांडावी लागते, म्हणजे प्रश्न विनिमय दराचा. अर्थशास्त्राच्या पुस्तकात विनिमय दर म्हणजे मागणी-पुरवठ्याच्या दोन रेघा जिथे छेदतात तो बिंदू. 1993 पासून रुपयाचा दर बाजारात ठरतो, हेही तिथे लिहिलेलं असतं. कस्टम्सचा दर मात्र रोज हलत नाही. महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या गुरुवारी तो बदलतो. जुलै 2024 पासून स्टेट बँकेकडून आलेले 22 चलनांचे दर पाच पैशांच्या पटीत आणून, संध्याकाळी सहाला कस्टम्सच्या 'आइसगेट' पोर्टलवर लावले जातात आणि मध्यरात्रीपासून लागू होतात. आयातीचा दर वेगळा, निर्यातीचा वेगळा.

सहा ते बारा हा वेळ मला फार गमतीचा वाटला. या सहा तासांत उद्याचा दर आजच कळलेला असतो. अशी खात्री कुठल्याही पुस्तकातल्या व्यापाऱ्याला मिळत नाही. बिल ज्या दिवशी दाखल होईल त्या दिवशीचा दर धरायचा, असं कस्टम्स कायद्याचं कलम 14 सांगतं. उद्या डॉलर महागणार असेल तर बिल आज रात्रीच टाकायचं, स्वस्त होणार असेल तर थांबायचं.

पण थांबायचं कितीसाठी? समजा माल 10,000 डॉलरचा आहे आणि दरात 50 पैशांचा फरक पडला. करपात्र किंमत 5,000 रुपयांनी बदलली. 10 टक्के मूळ शुल्क, त्यावर 10 टक्के अधिभार, मग या सगळ्यावर 18 टक्के आयजीएसटी धरला तर करात फरक पडतो 1,549 रुपयांचा. उलट जहाज येण्याच्या तारखेवरून ठरणारी बिल दाखल करायची मुदत हुकली तर पहिले तीन दिवस रोज 5,000 रुपये विलंब आकार आणि पुढे रोज 10,000. त्यामुळे हा तरुण आधी जहाजाची तारीख बघतो, दर नंतर. मला ते पटलं.

पुस्तकातलं प्रादेशिक आर्थिक एकत्रीकरणाचं प्रकरणही इथे एका कागदात मावतं. भारताचा व्यापार करार असलेल्या आसियान देशांतून माल आला आणि सोबत सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन असलं तर शुल्क कमी किंवा शून्य. मात्र 2020 च्या नियमांनुसार माल खरोखर तिथलाच असल्याची माहिती आयातदाराने स्वतः जवळ ठेवायची असते. नुसता शिक्का पुरत नाही. करार सरकारांनी केला, पण माल त्यात बसतो हे सिद्ध करायची जबाबदारी आयातदारावर.

गंमत म्हणजे एकाच इनव्हॉइसला दर दोन लागतात. कस्टम्सचा कर आकारण्यापुरता, बँकेचा पैसे पाठवताना. या तरुणाला ही गोष्ट नोकरी लागल्यावर कळली. वाणिज्य शाखेची क्रमिक पुस्तकं लिहिणाऱ्यांनी विनिमय दराच्या प्रकरणात रेघांच्या आकृतीशेजारी भरलेली एक बिल ऑफ एन्ट्री जरूर छापावी.