दुखऱ्या मुठीसाठी लगाम

माळेगावच्या खंडोबा यात्रेत घोडं घ्यायला गेलेला बीडकडचा माणूस दात बघतो, चाल बघतो, अंगावरचे भोवरे तर बोट लावून तपासतो. लगाम मात्र घोड्यासोबत मिळेल तो. पुष्कळदा ती नायलॉनची बारीक दोरी असते. धडधाकट हाताचं तिच्यावर भागतं. संधिवाताने पेरं सुजलेल्या हाताला ती काचते.

दोरी जितकी बारीक, तितकी मूठ घट्ट आवळावी लागते. घोड्याने मान झटकली की ती सटकू नये म्हणून अंगठा तर्जनीवर दाबून धरायचा, आणि म्हातारपणी झीज बहुधा अंगठ्याच्या मुळाशीच झालेली असते. म्हणून लगाम घेताना मऊपणाआधी जाडी बघावी. मूठ मिटल्यावर बोटांची टोकं तळव्यात रुतू नयेत. पट्टा फार रुंद असेल, तर लहान हाताची मूठ मिटतच नाही.

माझी पसंती सुती विणीच्या पट्ट्याला. त्यावर थोड्या थोड्या अंतरावर चामड्याचे आडवे तुकडे शिवलेले असतात. बोटं त्यांना अडतात, मग आवळायचं कामच कमी होतं. रबर चढवलेला लगाम घामात, पावसात छान धरतो. पण आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हलकं रबर चिकट होतं. नवा लगाम घ्यायचा नसेल, तर जुन्यावर हात येतो तेवढ्या भागाला बॅडमिंटन रॅकेटची ग्रिप गुंडाळावी. ती कुठल्याही खेळसाहित्याच्या दुकानात मिळते.

पॅरालिम्पिकमध्ये १९९६ पासून घोडेस्वारी आहे. पॅरा स्वारांपैकी काहींच्या लगामाला हात अडकवायला फासे असतात, बोटं वळवावी लागत नाहीत. कल्पना उत्तम, पण घोड्यावरून पडताना हात त्यातून सुटलाच पाहिजे. घरी दोरीला गाठी मारून असा फासा करू नये. लगाम मनगटाला गुंडाळणं तर त्याहून वाईट.

पकडही बदलून बघावी. एरवी लगाम करंगळीकडून आत येतो आणि अंगठ्याखालून बाहेर पडतो. तो तर्जनीवरून आत घेऊन करंगळीकडून खाली सोडला, तर अंगठ्यावरचा ताण कमी होतो. टांगेवाल्यांना हे शिकवावं लागत नाही.

आमवात असेल तर पंचाईत वेगळीच. बोटं सगळ्यात जास्त सकाळी आखडतात, आणि उन्हामुळे रपेट असते तीही सकाळीच. मग आधी कोमट पाण्यात हात शेकावेत, मूठ नीट मिटू लागली की खोगीर चढवावं. बारीक बकलाशी झटापट दुसऱ्या कुणावर सोपवावी, त्यात कमीपणा नाही. आखडलेपण रोज तासभर टिकत असेल, तर लगाम बदलून भागणार नाही, डॉक्टर गाठावा.

तोंडाचा कडक घोडा मात्र कुठल्याही लगामाने हलका होत नाही. त्यावर काटेरी कडियाळं चढवायचा सल्ला देणारे भेटतात. ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांना ती घालायला १९६५ च्या नियमांनीच मनाई आहे. शिवाय दुखऱ्या तोंडाचं जनावर मान जास्त झटकतं आणि तो हिसका थेट अंगठ्याच्या मुळाशी येतो. दुखऱ्या हाताच्या माणसाने बैठकीवर आणि आवाजावर थांबणारं शांत घोडंच घ्यावं. मोल करताना स्वतः बसावं, लगाम सैल सोडावा आणि ते थांबतं का बघावं.