अलंकार पेटीत नव्हे, बोलण्यात!

दोस्तांनो, 'सारखा' दिसलं की उपमा, 'जणू' दिसलं की उत्प्रेक्षा! मराठीच्या पेपराआधी हे सूत्र तुम्हीही घोकलं असेल. त्यानं गुण मिळतील. पण कवीनं तिथे उपमा घातलीच का, हे काही कळणार नाही. आणि खरी गंमत तर तिथेच आहे!

आधी घरातलं बोलणं कान देऊन ऐका. "हजार वेळा सांगितलं, चपला दारात टाकू नकोस!" असं आई म्हणते. तिनं काही मोजलेलं नसतं. पण "आठ वेळा सांगितलं" असं म्हणून पाहा बरं! आईचा सगळा वैतागच गायब! ही झाली अतिशयोक्ती. "यंदा पाऊस दडी मारून बसलाय," असं आजोबा म्हणतात. पाऊस म्हणजे काय लपाछपी खेळणारं पोर आहे? पण तसं म्हटल्याबरोबर पाऊस जिवंत होतो, त्याच्यावर चक्क रुसता येतं. ही चेतनगुणोक्ती. म्हणजे अलंकार तुम्ही रोजच वापरता, फक्त त्याचं नाव ठाऊक नसतं.

हे सगळ्यांत छान शिकवतात बहिणाबाई चौधरी. जन्म 1880 सालचा, जळगावजवळच्या असोद्याचा. शाळेचं तोंडही पाहिलेलं नाही. लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर दळताना, शेतात राबताना त्या खानदेशातल्या बोलीत गाणी रचत. त्यांचे चिरंजीव कवी सोपानदेव यांच्यामुळे ती कागदावर आली आणि बहिणाबाई गेल्यानंतर, 1952 मध्ये, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपानं छापली गेली.

आता त्यांची किमया पाहा. संसार कसा असतो? बहिणाबाईंनी उपमा दिली ती चुलीवरच्या तव्याची. आधी चटका, मग भाकर! संसार म्हणजे काय हे तुम्हाला अजून नीट कळत नसेल. पण तव्याचा चटका तर माहीत आहे? मग ओळ वाचताक्षणी बोटालाच सगळं कळतं. उपमेचं काम हेच. न पाहिलेली गोष्ट ती ओळखीच्या गोष्टीचा हात धरून आपल्या घरात आणते.

मनाबद्दल सांगताना तर त्या आणखी पुढे जातात. मन ढोरासारखं आहे, असं त्या म्हणत नाहीत. मन म्हणजे उभ्या पिकात शिरणारं ढोरच! 'सारखं' गेलं, दोन्ही एकच झाली. हे रूपक. अभ्यासाला बसल्यावर क्रिकेटकडे धावणारं तुमचं मन आठवा. हाकलावं, तरी पुन्हा तिथेच! पटलं ना?

मात्र एक धोका आहे. अलंकारही वापरून वापरून झिजतो. निबंधात 'चंद्रासारखा चेहरा' लिहिलात, तर वाचणाऱ्याला चंद्र दिसत नाही आणि चेहराही दिसत नाही. कारण ती उपमा तुम्ही पाहिलेलीच नसते, ती उसनी आणलेली असते. बहिणाबाईंनी तवा रोज हाताळला होता, म्हणून तो आपल्यालाही पोळतो.

आणखी एक सावधगिरी. अलंकाराला भुलवताही येतं! जाहिरातीतली साबणाची वडी कपड्यांना 'दुधासारखं' शुभ्र करते. दूध म्हटलं की आपल्याला स्वच्छ, ताजं वाटतं. मळ खरंच निघाला का, हे विचारायचंच राहून जातं. म्हणून एक परीक्षा करा. वाक्यातला अलंकार काढून टाका आणि काय उरतं ते पाहा. बहिणाबाईंचा तवा काढला, तर कळलेलं काहीतरी हातातून निसटतं. जाहिरातीतलं दूध काढलं, तर मागे फक्त साबण उरतो!

तर मग या रविवारी एक खेळ खेळा. स्वयंपाकघरातली किंवा दप्तरातली कुठलीही एक वस्तू घ्या. ती तुमच्या घरातल्या कोणासारखी आहे आणि का, ते दोन ओळींत लिहा. मग त्याच माणसाला ते वाचून दाखवा. ते हसले किंवा गप्प झाले, तर समजा, तुमचा अलंकार जमला!